फॅनफिक लिहायला बसताना: नवोदितांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी नव्या लेखकांच्या मराठी फॅनफिक प्रसिद्ध होण्याआधी वाचून देते. कथेसोबत प्रश्न येतात, आणि बहुतेक वेळा तेच ते येतात. एकाला लिहिलेलं उत्तर दुसऱ्याला चिकटवायचा कंटाळा आला, म्हणून सगळे एका जागी आणले आहेत. आधी सोपे आहेत, अवघड मागून येतील.

१. फॅनफिक म्हणजे नेमकं काय? मराठीत याला शब्द आहे का?

दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रं किंवा जग घेऊन, ते दुसऱ्याचं आहे हे उघड मान्य करून, आपण लिहिलेली नवी कथा. ‘चाहताकथा’ हा शब्द अधूनमधून कोणीतरी सुचवतं, पण बोलताना सगळे ‘फॅनफिक’च म्हणतात. मीही तेच म्हणते.

आजच्या अर्थाची फॅनफिक अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या चाहत्यांनी रुजवली. १९६७ साली त्यांचं ‘स्पॉकनेलिया’ हे हौशी नियतकालिक निघालं. खोड मात्र जुनी आहे. जात्यावर दळताना बायकांनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या रचल्या, त्यात रामाला जाब विचारला, लव-कुशांच्या बाळंतपणाची काळजी वाहिली. मोरोपंतांनी तर १०८ रामायणं रचली असं सांगतात. त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे प, फ, ब, भ, म यांसारखी ओठ जुळवावे लागणारी अक्षरं टाळून केलेलं. तेव्हा घरी कोणी ‘हे काय नवीन खूळ’ म्हणालं, तर पंतांचं नाव सांगा.

२. शाळेतल्या निबंधापलीकडे मी काही लिहिलेलं नाही. जमेल का?

जमेल. नव्या माणसाला कथेत तीन गोष्टी एकदम उभ्या कराव्या लागतात: माणसं, जागा आणि घडामोड. फॅनफिकमध्ये पहिल्या दोन तयार मिळतात. वाचकाला पात्राचं नाक, स्वभाव, घर सगळं ठाऊक असतं, त्यामुळे तुम्ही पहिल्या ओळीपासून घडामोडीला हात घालू शकता. सायकलच्या मागच्या चाकाला लावतात ती दोन छोटी चाकं समजा.

३. कल्पना सुचत नाही. मूळ कथाच इतकी पूर्ण आहे की भर काय घालणार?

पूर्ण कथा नसतेच. मूळ वाचताना किंवा बघताना तुम्हाला कुठेतरी टोचलेलं असतं. ‘अरे, मग तिचं पुढे काय झालं?’ किंवा ‘हा असा कसा गप्प बसला?’ असं मनात येऊन गेलेलं असतं. ती फट शोधा.

एक उदाहरण सांगते, कारण ते मला फार आवडतं. शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीच्या सुरुवातीला डॉ. वॉटसन स्वतःची हकीकत सांगतो. १८७८ साली लंडनला पदवी, मग सैन्यात सहायक शल्यचिकित्सक, मग बोट, मग मुंबई. मुंबईत उतरल्यावर त्याला कळतं की आपली पलटण केव्हाच घाट ओलांडून पुढे गेली. पुढच्याच वाक्यात तो कंदाहारच्या वाटेला लागतो. कॉनन डॉयलने आपल्या मुंबईची बोळवण एका वाक्यात केली! किती दिवस होता तो इथे? राहिला कुठे? पहिल्या उकाड्यात त्याचं काय झालं? पलटण गेल्याचं त्याला सांगितलं कोणी, कुलाब्याच्या छावणीतल्या एखाद्या कारकुनाने? तो कारकून मराठी असेल तर घरी जाऊन बायकोला या गोऱ्या डॉक्टरबद्दल काय म्हणाला असेल? माझ्या हिशोबाने इथे एक कथा तयारच आहे, कोणीतरी बसून लिहायची तेवढी राहिली आहे.

दुसऱ्या प्रकारची फट म्हणजे बाजू. चि. वि. जोशींच्या कथा चिमणराव स्वतः सांगतात, म्हणून त्यांची बायको काऊ आपल्याला दिसते ती चिमणरावांच्या चष्म्यातून. त्याच फजितीची हकीकत काऊने आपल्या आईला पत्रातून कळवली, तर? गुंड्याभाऊने तालमीत सांगितली, तर?

तिसरा प्रकार ‘असं न होता तसं झालं असतं तर’ हा. नवे लेखक बहुधा इथूनच सुरू करतात, आणि माझ्या मते हाच सगळ्यांत अवघड. एक घटना बदलली की पुढचं सगळं हलतं, ते सांभाळता सांभाळता दमछाक होते. पहिल्या कथेला फट किंवा बाजू घ्या.

४. मूळ किती बारकाईने माहीत हवं? सगळं पुन्हा वाचत बसू का?

सगळं नको. तुमची कथा ज्या भागाला टेकते तो भाग मात्र पुन्हा वाचा, हातात वही घेऊन. वय, नाती, तारखा, कोण कोणाला काय हाक मारतं, हे टिपून ठेवा.

वरचा वॉटसन घेतला तर काय काय तपासावं लागतं पाहा. तो मैवंदच्या लढाईत जखमी झाला. ती लढाई २७ जुलै १८८० ची, म्हणजे त्याचं मुंबईत उतरणं त्याच्या आधीचं. तेव्हा बोरीबंदरला व्हिक्टोरिया टर्मिनसचं बांधकाम चालू होतं. ते पुरं झालं १८८८ मध्ये, म्हणजे तुमच्या कथेत तिथे इमारत न दिसता परांच्या दिसायला हव्यात. राजाबाई टॉवर चालेल, तो १८७८ मध्ये उभा राहिला. ट्राम चालेल, पण घोड्यांची. गेटवे ऑफ इंडिया अजिबात नको, त्याचं उद्घाटन १९२४ चं. एवढं पाहायला एक दुपार पुरते, आणि कथेला लागणारा मालमसाला त्यातच सापडतो. त्या परांच्यांवर मला अख्खा एक परिच्छेद सुचला होता.

मूळ लेखक स्वतःच चुकला असेल तर? पहिल्या कादंबरीत वॉटसनला गोळी खांद्याला लागते, दुसरीत ती पायाला लागलेली असते. अशा वेळी बिनधास्त एक बाजू घ्या, किंवा त्या विसंगतीचीच कथा करा. गेली शंभरेक वर्षं चाहते तेच करत आले आहेत.

५. पहिली कथा किती लांब असावी?

हजार ते दोन हजार शब्द, एकच प्रसंग, एका बैठकीत वाचून होईल अशी. याला ‘वनशॉट’ म्हणतात. त्याहून छोटं हवं तर ‘ड्रॅबल’ लिहा. मोजून १०० शब्द, ना एक कमी ना एक जास्त. शब्द खुडायची सवय त्याने फार छान लागते.

चाळीस भागांची मालिका पहिल्याच झटक्यात जाहीर करू नका. मी केली होती. तिसऱ्या भागानंतर माझा धीर सुटला, आणि दोन वर्षं लोक ‘पुढचा भाग कधी?’ विचारत राहिले. एकाने तर लग्नाच्या पत्रिकेला उत्तर म्हणून तो प्रश्न पाठवला.

६. लोक कॅनन, एयू, ओसी, शिप असं बोलतात. अर्थ सांगा ना.

‘कॅनन’ म्हणजे मूळ कलाकृतीत प्रत्यक्ष आलेलं. चाहत्यांनी आपापसात गृहीत धरलेलं, पण मुळात नसलेलं, ते ‘फॅनन’. ‘एयू’ म्हणजे पात्रं तीच, जग वेगळं. जादूगारांना पुण्याच्या हॉस्टेलवर आणलंत की झालं एयू. ‘ओसी’ म्हणजे तुम्ही स्वतः घडवलेलं पात्र, त्याबद्दल प्रश्न १० पाहा. ‘ओओसी’ हा शेरा मिळाला तर त्याचा अर्थ पात्र स्वतःसारखं वागलं नाही असा होतो, उपाय प्रश्न ७ मध्ये. ‘शिप’ म्हणजे ज्या दोघांचं जमावं असं चाहत्यांना वाटतं ती जोडी. ‘फ्लफ’ गोडगोड, ‘अँग्स्ट’ जीव कासावीस करणारं. ‘बीटा’ म्हणजे प्रसिद्धीआधी वाचून चुका दाखवणारा माणूस. बाकीचे शब्द वाचता वाचता कळतील.

७. ‘हे पात्र असं बोलणार नाही’ असा शेरा आला. दुरुस्त कसं करू?

संवादांपुढची नावं झाकून वाचा. कोण बोलतंय ते ओळखता आलं नाही, तर शेरा बरोबर आहे.

मग मूळ कृतीतली त्या पात्राची वीसेक वाक्यं हाताने उतरवून काढा. टाइप नको, हातानेच. तेवढ्यात कान तयार होतो. हा माणूस लांब वाक्यं बोलतो की तोडून? प्रश्नाला उत्तर देतो की उलट प्रश्न करतो? रागावला की आवाज चढवतो, की एकदम शुद्ध बोलायला लागतो? चिमणरावांची गंमत त्यांच्या सभ्यपणात आहे. फजिती जितकी मोठी, तितकी त्यांची भाषा गंभीर आणि पंडिती. नवा लेखक त्यांच्या तोंडी विनोद घालतो आणि फसतो. चिमणराव स्वतः कधी विनोद करत नाहीत हो, त्यांचा होतो.

पात्राचा तकिया-कलाम दर चार ओळींना पेरणं म्हणजे आवाज पकडणं नव्हे. ती नक्कल झाली, गणेशोत्सवातल्या मिमिक्रीसारखी. एखाद्या वेळी हसू येतं, दहाव्यांदा कंटाळा.

८. इंग्रजी, जपानी, कोरियन पात्रं मराठीत एकमेकांना ‘तू’ म्हणतील की ‘तुम्ही’?

सगळ्यांत जास्त आलेला प्रश्न हा, आणि माझा सगळ्यांत आवडता.

इंग्रजीत एकाच शब्दात सगळं भागतं. मराठीत तुम्हाला पहिल्याच संवादात नातं ठरवावं लागतं. होम्स आणि वॉटसन एकमेकांना आडनावाने हाक मारतात. ते सभ्य, औपचारिक, व्हिक्टोरियन, म्हणून ‘तुम्ही’ हवं असं वाटतं. पण आपल्याकडे आडनावाने हाक कोण मारतं? कॉलेजातले जुने दोस्त. ‘काय रे कुलकर्ण्या!’ तिथे ‘तू’च येतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी दावा आहे. मी सुचवते ते असं: भाड्याची खोली वाटून घेताना दोघं ‘तुम्ही’वर असू देत, आणि कथेत कुठेतरी एक क्षण असा येऊ दे की एकाच्या तोंडून ‘तू’ निसटतं. एखाद्या जखमेच्या वेळी, भीतीच्या वेळी. दुसरा ते ऐकतो आणि काही बोलत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा क्षण मिळूच शकत नाही, तुमच्याकडे तो फुकट आहे. मी एकदा अशी कथा वाचली, सगळा जीव त्या एका सर्वनामात होता.

कोरियन मालिकांवर लिहिणाऱ्यांची अडचण वेगळी. ‘ओप्पा’ म्हणजे मुलीने मोठ्या भावाला मारायची हाक, पण प्रियकरालाही तीच. त्याचं भाषांतर ‘दादा’ केलंत की प्रेमकथा तिथेच संपली. राखी बांधायची वेळ! ‘ह्युंग’ म्हणजे मुलाने मोठ्या भावाला किंवा थोरल्या मित्राला मारायची हाक, तिला ‘दादा’ बऱ्यापैकी बसतं. माझं मत: अशा हाका मूळच्याच ठेवा आणि बाकीचं मराठी साधं ठेवा. जपानीत नावाला जोडतात त्या ‘सान’, ‘कुन’चंही तेच. वाचकाला अर्थ दोन संवादांत कळतो.

आणखी एक जागा घसरायची. निवेदनात ‘होम्स म्हणाला’ की ‘होम्स म्हणाले’? काहीही चालेल, पण एकच ठेवा. पहिल्या पानावर ‘प्राध्यापक आले’ आणि तिसऱ्यावर ‘प्राध्यापक गेला’ असं झालं, की मधे त्याने काहीतरी गुन्हा केला असावा असं वाटतं.

९. परदेशी पात्रांना सदाशिव पेठेत किंवा मालवणात आणलं तर?

आणा, पण नुसतं नावगाव बदलू नका. होम्सची बेकर स्ट्रीटची खोली वाड्यात आली, तर घरमालकीण मिसेस हडसन चहा आयता वर आणून देईल का, की ‘दहानंतर जिन्याचं दार बंद होतं हं’ म्हणून बजावेल? जागा बदलल्यावर वागणं बदललं पाहिजे. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी लिहायची असेल तर ती बोलणाऱ्याकडून एकदा वाचून घ्या. ‘असां, तसां’ पेरलं की मालवणी होत नाही.

१०. माझं स्वतःचं पात्र घालू का? लोक ‘मेरी स्यू’ म्हणून हसतात.

१९७३ मध्ये पॉला स्मिथ या ‘स्टार ट्रेक’च्या चाहतीने एक छोटं विडंबन लिहिलं. त्यातली मेरी स्यू साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातली सर्वांत लहान लेफ्टनंट. सगळे तिच्या प्रेमात, सगळं तिला येतं, शेवटी मरते आणि सगळे रडतात. तेव्हापासून लेखकाच्या स्वप्नातलं आदर्श पात्र म्हणजे ‘मेरी स्यू’.

माझं म्हणणं असं की पहिल्या दोनचार कथांत मेरी स्यू आली तर येऊ द्या. सगळ्यांची येते. फक्त एक तपासा: तुमचं पात्र आल्यावर मूळ पात्रं बावळट झाली का? होम्सला न सुटलेलं कोडं तुमच्या ‘आर्या’ने चहा पिता पिता सोडवलं, तर वाचक आर्यावर खूश होत नाही, होम्ससाठी हळहळतो. आर्याला चुकू द्या.

११. हे बेकायदेशीर आहे का? मला नोटीस येईल का?

मी वकील नाही. जेवढं खात्रीने माहीत आहे तेवढं सांगते.

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. मूळ कृतीचं रूपांतर करण्याचा हक्क त्यात लेखकाकडे राखलेला आहे. कलम ५२ मध्ये काही वापरांना सूट आहे: खाजगी वापर, अभ्यास, टीका, समीक्षा वगैरे. फॅनफिक हा शब्द त्या यादीत नाही. अमेरिकेतल्या ‘फेअर यूज’चे, म्हणजे परवानगीशिवाय वापर करायच्या सवलतीचे, लेख वाचून लोक ‘आपल्यालाही चालतं’ म्हणतात, पण ती चौकट त्यांच्या कायद्याची आहे, आपली वेगळी. पात्रांबद्दल म्हणाल, तर २०१६ साली ‘दबंग’मधल्या चुलबुल पांडेच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने एखाद्या वैशिष्ट्यपूर्ण पात्राला संरक्षण मिळू शकतं हे तत्त्व मान्य केलं. शिवाय कलम ५७ प्रमाणे, हक्क विकून टाकले तरी, आपल्या कृतीचं नाव खराब होईल अशा विकृतीकरणाला लेखक हरकत घेऊ शकतो.

म्हणजे जिवंत हक्क असलेल्या कृतीवरची फॅनफिक पूर्ण सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही. व्यवहारात चाहते तीन पथ्यं पाळतात: पैसे घेत नाहीत (प्रश्न १३), मूळ मजकूर उचलून घालत नाहीत, आणि हक्कधारकाने काढायला सांगितलं तर वाद न घालता काढतात. वर ‘पात्रं अमक्याची, मी फक्त खेळतेय’ अशी ओळ टाकतात. तो शिष्टाचार आहे, चिलखत नव्हे.

१२. मग कोणती पात्रं पूर्ण मोकळी आहेत?

आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं हक्क राहतो. चि. वि. जोशी १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये गेले. साठ वर्षं ३१ डिसेंबर २०२३ ला संपली, आणि १ जानेवारी २०२४ पासून चिमणराव, गुंड्याभाऊ, काऊ, मोरू ही मंडळी सगळ्यांची झाली. याचा गाजावाजा कोणी केला नाही, मला तर तेव्हा पेढे वाटावेसे वाटले होते. राम गणेश गडकरी आणि हरि नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, ते फार आधीच मोकळे झाले. साने गुरुजी १९५० मध्ये, तेही. कॉनन डॉयल १९३० मध्ये गेले. भारतात होम्स जुनाच मोकळा आहे, अमेरिकेत शेवटच्या होम्सकथा मोकळ्या व्हायला जानेवारी २०२३ उजाडला. भा. रा. भागवत मात्र २००१ मध्ये गेले, तेव्हा फास्टर फेणेवर लिहिताना प्रश्न ११ लागू.

आता खाचखळगे.

मूळ मोकळं असलं तरी त्यावरची मालिका किंवा चित्रपट मोकळा नसतो. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी दूरदर्शनवर साकारलेल्या चिमणराव-गुंड्याभाऊंमध्ये मालिकेपुरती जी भर पडली, ती वेगळी मालमत्ता. तसंच २०१० नंतरच्या टीव्हीवरच्या मोबाइलवाल्या होम्सचं.

भाषांतरही वेगळं. होम्स मोकळा, पण अलीकडच्या मराठी अनुवादातली वाक्यं अनुवादकाची.

महाभारत सर्वांचं. पण कर्णाबद्दल तुम्हाला जे ‘माहीत आहे’ ते व्यासांचं की एखाद्या विसाव्या शतकातल्या मराठी कादंबरीकाराचं? ही गल्लत मी सतत पाहते. कादंबरीतला प्रसंग, कादंबरीतला संवाद लोक महाभारत समजून वापरतात. शंका आली की मूळ महाभारताचं मराठी भाषांतर उघडून पर्व शोधा. नाही सापडलं, तर ते कोणीतरी रचलेलं आहे.

आणि लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. जुन्या लेखकाचं नव्याने सापडलेलं हस्तलिखित म्हणून हुरळून जाऊ नका.

१३. यातून पैसे मिळवू शकतो का?

मोकळ्या पात्रांवर (प्रश्न १२) लिहिलेलं असेल तर हो, पुस्तकही काढा. बाकीच्यांवर नाही. काही लेखक पुढे नावं, जग, सगळं बदलून स्वतंत्र कादंबरी करतात. इंग्रजीत त्यातून प्रचंड खपाची पुस्तकं झाली आहेत. पण नावं बदलल्यावर कथा उभी राहिली पाहिजे. जिचा सगळा जोर ‘हा तोच आहे ना!’ यावर असतो, ती नावं काढली की खाली बसते.

१४. खऱ्या माणसांवर लिहू का? क्रिकेटपटू, नट, ऐतिहासिक व्यक्ती?

जिवंत माणसांवर मी स्वतः लिहीत नाही आणि वाचूनही देत नाही. पात्राला घर नसतं, या माणसांना असतं. कायद्याच्या अंगाने म्हणाल, तर बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, आणि त्यात मृत व्यक्तीची, तिच्या नातलगांना दुखावणारी बदनामीही येते. अमिताभ बच्चन आणि अनिल कपूर यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने नाव, आवाज, प्रतिमा यांच्या वापरावर आदेश दिलेले आहेत.

ऐतिहासिक व्यक्तींबाबत आपल्याकडे काय होऊ शकतं ते मी सांगायला नको. ऐतिहासिक काळ आवडत असेल तर नायक म्हणून एक काल्पनिक शिलेदार, मुदपाकातली बाई, हरकारा घ्या. इतिहासात फटी तिथेच जास्त आहेत.

१५. प्रणयदृश्य लिहायचं आहे. काय पाळायचं?

वर्गवारी आणि इशारा आधी लिहा. वाचकाला दार उघडण्याआधी आत काय आहे ते कळलं पाहिजे. मूळ कृतीत पात्रं शाळकरी असतील तर त्यांच्यावर लैंगिक लिखाण करू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब बालकांच्या बाबतीत मजकुरालाही लागू आहे, नुसत्या चित्रांना नाही. आणि कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं.

भाषेबद्दल: मराठीत हे लिहिताना लोक एकदम संस्कृतात शिरतात नाहीतर शिवीत. मधली वाट म्हणजे कमी सांगणं. दिवा मालवायची लावणीतली सोय अजून चालते.

१६. लिहिलं. आता ठेवू कुठे?

‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे खास फॅनफिकसाठी चाहत्यांच्याच ना-नफा संस्थेने चालवलेलं ऑनलाइन संग्रहालय. २००९ पासून खुलं आहे, जाहिराती नाहीत, आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला ह्युगो पुरस्कार मिळाला. खातं उघडायला रांगेत नाव घालून निमंत्रणाची वाट पाहावी लागते. भाषांच्या यादीत मराठी निवडता येते. तिथे पैसे मागणारे दुवे देणं नियमात बसत नाही. वॉटपॅडवर तरुण वाचक जास्त. मराठी वाचक संख्येने हवे असतील तर प्रतिलिपी, पण तिथल्या स्पर्धेला फॅनफिक पाठवण्याआधी नियम वाचा.

मराठी फॅनफिकला वाचक थोडे असतात, हे आधीच सांगून ठेवते. प्रश्न १९ पाहा.

१७. कथा टाकली आणि सगळे चौकोन दिसतात!

बहुधा जुन्या फाँटमध्ये टाइप केलंय. डीटीपीच्या दुकानात चालणारे फाँट इंटरनेटवर चालत नाहीत, युनिकोड लागतं. फोनवरचा मराठी कीबोर्ड युनिकोडच असतो. ‘चऱ्हाट’, ‘गुऱ्हाळ’ यांतला अर्धा र नीट उमटतो का तेवढं एकदा पाहा.

१८. बीटा कुठून आणू?

मूळ कृती आवडणारा आणि मराठी नीट वाचणारा असा एक माणूस पुरे. त्याला ‘कशी वाटली?’ विचारू नका, ‘छान’ म्हणेल. ‘कुठे कंटाळलास?’ आणि ‘कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं?’ हे दोनच प्रश्न विचारा. सख्खी बहीण चालेल, नवरा बहुधा नाही.

१९. कोणी वाचतच नाही. किंवा एकानेच वाचलं आणि झोडपलं.

इंग्रजीतल्या मोठ्या चाहतावर्गांशी तुलना करू नका. मराठीत अकरा वाचक आणि दोन अभिप्राय म्हणजे बरं चाललंय. वाचक हवे असतील तर आधी दुसऱ्यांच्या कथांवर मनापासून लिहा. ‘मस्त’ नको, कोणतं वाक्य आवडलं ते सांगा.

झोडपणाऱ्याने कथेबद्दल काही म्हटलं असेल तर दोन दिवसांनी पुन्हा वाचा. तुमच्याबद्दल म्हटलं असेल तर पुसून टाका. उत्तर देत बसू नका.

२०. दुसऱ्याच्या फॅनफिकवर फॅनफिक लिहू का?

विचारून. मूळ लेखकाला आपण विचारू शकत नाही म्हणून सोडून देतो, पण ही व्यक्ती तर एका निरोपावर आहे. तिने घडवलेली ओसी तिची आहे.

२१. एआयकडून लिहून घेतलं तर?

मग लिहिण्याची मजा कोणाला मिळाली? तारीख किंवा शुद्धलेखन तपासायला घ्या, तारीख मात्र पुन्हा पुस्तकात पडताळा. संवाद लिहून आणलेल्या कथा माझ्याकडे येतात, त्यात होम्स, गुंड्याभाऊ आणि कोरियन नायक तिघंही एकाच आवाजात बोलतात. प्रश्न ७ ची नावं झाकायची कसोटी लावा, लगेच कळेल.

२२. दोन वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेली कथा आहे. पुढे लिहू की काढून टाकू?

काढू नका, कोणीतरी ती अजून उघडत असतं. आधी तिच्या डोक्यावर ‘अपूर्ण’ असं स्पष्ट लिहा. पुढे लिहायची इच्छा असेल तर जुने भाग सुधारत बसू नका, त्यातच पुन्हा दम संपतो. जिथे थांबलात तिथून पुढचं एकच दृश्य लिहा, शेवटाच्या जवळ नेणारं. इच्छाच नसेल, तर शेवट काय ठरवला होता ते पाच ओळींत सांगून टाका. माझ्या त्या चाळीस भागांच्या मालिकेचं मी अखेर तेच केलं. सदतीस भागांचा ऐवज नऊ ओळींत बसला, आणि त्या लग्नपत्रिकावाल्याने उत्तर पाठवलं, ‘हेच पाहिजे होतं.’